विटा ते दिब्रुगड, साडेतीन तास

प्रत्येक ऑफिसात एक नमुना असतो. त्याला दुबईचा ले-ओव्हर किती, बँकॉकला कुठलं विमान स्वस्त, कुठल्या सीटला पाय पसरता येतात, सगळं तोंडपाठ असतं. आमच्या ग्रुपमध्ये हा नमुना मी आहे. फ्रीलान्सरला ऑफिस नसतं, ग्रुप असतो. डेडलाइन डोक्यावर असताना मी कॉफी घेऊन बसते आणि फोनवर दोन विमानतळांची नावं टाकते. लेह आणि अगत्ती. दीव आणि तेजू. ज्यांच्यामध्ये कुणीही, कधीही थेट जाणार नाही, अशी दोन टोकं निवडायची. मग नकाशावर एक गोंडस कमान उमटते आणि खाली येतं : अंतर इतके किलोमीटर, उड्डाणाचा वेळ इतके तास, इतकी मिनिटं. कुणी शब्दकोडी सोडवतं, मी हे करते. बिल येत नाही आणि व्हिसा लागत नाही.

या जोड्यांमधली माझी सगळ्यात जुनी आणि आवडती जोडी म्हणजे कोल्हापूर आणि दिब्रुगड. एक महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा विमानतळ, दुसरा आसामच्या वरच्या कोपऱ्यातला. अंतर २,४४६ किलोमीटर. वेळ ३ तास ३३ मिनिटं.

ही जोडी का, तर माझं आजोळ विट्याचं आणि माझा धाकटा मामा दिब्रुगडला असतो.

पुण्या-मुंबईतल्या मित्रमंडळींना विटा सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे वीट का?’ नाही बाबांनो. सांगली जिल्हा, खानापूर तालुका. कराडहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. रेल्वे नाही; सोयीचं स्टेशन म्हणजे किर्लोस्करवाडी किंवा कराड. गावात यंत्रमागांची खडखड, आजूबाजूला पोल्ट्रीच्या शेड आणि कित्येक वर्षं पाचवीला पुजलेला दुष्काळ. टेंभू योजनेचं पाणी आलं ते अलीकडे. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी पाण्याची वाट बघितली नाही, त्या सरळ बाहेर पडल्या. आणि बाहेर पडून त्यांनी जे केलं त्याबद्दल शहरात फार कमी लोकांना माहीत आहे. त्यांनी देशभरातलं सोनं वितळवलं.

गलाई हा शब्द ऐकलाय? जुना दागिना, मोडीचं सोनं, सराफाच्या दुकानातला चुरा, हे सगळं मुशीत घालायचं, टाकणखार टाकून वितळवायचं, नायट्रिक ॲसिडमध्ये त्यातली चांदी-तांबं विरघळवायचं आणि खाली उरलेली तपकिरी भुकटी पुन्हा भट्टीत घालून शुद्ध सोन्याची लगड काढायची. लगड हातात घेतल्याशिवाय पटत नाही की मघाची ती चिखलासारखी भुकटी म्हणजे सोनंच होतं. हे काम करणारे ते गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव, या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या हे करत आली. केरळापासून पंजाबपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत भट्टी पेटलेली असेल आणि भट्टीपाशी बसलेला माणूस फोनवर मराठीत बोलत असेल. ‘काय रं, पाऊस झाला का?’ हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, खानापूर तालुका.

माझा मामा सोळाव्या वर्षी गेला. गावातल्याच एकाच्या दुकानात आधी गडी म्हणून. भट्टी फुंकायची, भांडी घासायची, मालकाची भाकरी करायची. नंतर स्वतःचं दुकान. आज तो आसामी इतकी सफाईने बोलतो की त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या मामीला, शंका येते हा स्वप्नंही त्याच भाषेत बघतो की काय. दरवर्षी दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते, तेव्हा तो यायचा. चहाची मोठी पिशवी आणायचा. पहिल्या रात्री अंगणात बसून रस्ता सांगायचा. त्याच्या सांगण्यात किलोमीटर कधीच नसायचे. ‘दिब्रुगडातनं हावडा, हावड्याला गाडी बदलायची, आझाद हिंदनं पुणं, पुण्यातनं येष्टी. चौथा दिवस. कधी पाचवा.’ अंतर दिवसांत मोजायचं असतं हे मला लहानपणी अगदी नॉर्मल वाटायचं.

म्हणूनच मोठेपणी फोनवर तीन तास तेहतीस मिनिटं दिसलं, तेव्हा मी मामाला ताबडतोब फोन केला होता. तो खूप हसला. म्हणाला, ‘मग येतो की जेवायला.’

आता थोडं त्या आकड्याबद्दल. तो खोटा नसतो, हे आधी सांगते. एक मोसंबं घ्या, त्यावर दोन टिंबं काढा आणि मधून दोरा ताणून धरा. गोल गोष्टीवर दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे तो ताणलेला दोरा. सपाट नकाशावर तोच कमानीसारखा दिसतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले की हे अंतर शाळेतल्या त्रिकोणमितीने निघतं. मग त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं, जेट विमानाचा साधारण तेवढा वेग धरतात, आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास टाकायचा. २,४४६ भागिले ८०० म्हणजे तीन तास तीन मिनिटं, अधिक तीस. झाले तीन तेहतीस. बस, एवढंच असतं त्याच्यामागे. त्या गणिताला विमान माहीत नसतं. तिकीट माहीत नसतं. मंगळवार आहे की शुक्रवार, हेही नाही.

पण रेघ मात्र फार सुंदर आहे. मी ती एकदा नीट काढून बघितली. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून निघते ती ईशान्येकडे, आणि चक्क सोलापूर शहराच्या डोक्यावरून जाते. मग मराठवाड्याचा कोपरा आणि तेलंगणाचा कड कापत गडचिरोलीजवळून छत्तीसगडात. बरोबर निम्मी वाट होते ती ओडिशात, राऊरकेलाच्या थोडं अलीकडे. तिथून झारखंड, बंगाल, मग उत्तर बांगलादेशात बोगऱ्याच्या बाजूने, पुन्हा भारतात, गुवाहाटीच्या जवळून, आणि ब्रह्मपुत्रेच्या काठाकाठाने वर दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळावर.

दोन्ही टोकं तशी ऐतिहासिक आहेत. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. मोहनबारी दुसऱ्या महायुद्धातला. जपानने ब्रह्मदेशचा रस्ता तोडला, तेव्हा १९४२ पासून आसामातल्या अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या टोकाचे डोंगर ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला माल जायचा. कित्येक विमानं त्या डोंगरांतच राहिली. आणि हे मला अजूनही गंमतशीर वाटतं : मोहनबारीहून कुनमिंग सरळ रेषेत सुमारे ८२० किलोमीटर आणि कोलकाता ८५०. म्हणजे मामाच्या दुकानाला कलकत्त्यापेक्षा चीनचं एक मोठं शहर जवळ आहे. तिथे दुपारही विट्याच्या ८२ मिनिटं आधी होते. घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य नाही. चहाच्या मळ्यांनी तर आपलं स्वतःचं, एक तास पुढचं बागान टाइम ठेवलंय. थंडीत मामा पाच वाजता फोन करायचा तो ‘इथं अंधार पडला बघ’ म्हणत. आजी म्हणायची, ‘इथं अजून ऊन हाय.’ दोघांचं रोज हेच बोलणं. कंटाळा कसा येत नाही, असं मला वाटायचं.

आजी जानेवारीत गेली. पहाटे पाचला, विट्यातल्या घरी, झोपेतच. तब्येत उतरली होती म्हणून आई आणि मी चार दिवस तिथेच होतो. थोरले मामा विट्यातच असतात. धाकट्याला पाच वाजून दहा मिनिटांनी फोन लागला. तो एवढंच म्हणाला, ‘निघतो.’

साडेपाचपर्यंत अंगणात माणसं जमली. अशा वेळी गावात सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवावी लागते : माती किती वाजता. त्यावरून मग पै-पाहुण्यांना निरोप जातात, कोणी कराडहून निघायचं, कोणी आटपाडीहून, ते ठरतं. थोरले मामा माझ्याकडे वळले. मी शहरातली, फोनवाली, पेपरात लिहिणारी.

‘आसामातनं इमानानं याला किती येळ लागतोय गं?’

मी म्हणाले, ‘साडेतीन तास.’

मला तो आकडा शोधावाही लागला नाही. पाठच होता. माझ्या आवडत्या जोडीचा.

पुढचं वाक्य मी बोलायला हवं होतं. की थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागेल, बघून सांगते. ते मी बोलणार होतेच. पण तेवढ्यात आईला चक्कर आल्यासारखं झालं, मी आत गेले, आणि पाच मिनिटांनी बाहेर आले तोवर ठरलेलं होतं. थोरल्या मामांनी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने ‘३॥’ लिहून हिशोब मांडला होता. साडेतीन विमानाचे, दोन तास विमानतळावरचे, दोन तास कोल्हापूरहून विट्याचे. आता निघाला तरी दोनपर्यंत येतोय. एक तास जास्तीचा धरू. तीनला माती.

निरोप गेले होते.

तिकडे मामा काय करत होता? तो मोहनबारीच्या काउंटरवर उभा होता. कोलकात्याचं विमान साडेअकराचं. जानेवारीत ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात धुकं असतं, समोरचं झाड दिसत नाही. विमान उडालं एक वाजून दहा मिनिटांनी. पावणेतीनला कोलकाता. तिथून कोल्हापूरला काही नव्हतं. पुण्याचं होतं, पावणेसहाला. तीन तास तो तिथे एका खुर्चीत बसून होता. मी त्याला दर वीस मिनिटांनी फोन करत होते आणि दर वेळी तो विचारत होता, ‘थांबल्यात का?’

थांबले होते. तीनला येणारी माणसं आली होती. दारात मांडव घातला होता, बायका आत बसल्या होत्या, उन्हं पुढे सरकत होती. मी थोरल्या मामांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. म्हाताऱ्या माणसांपैकी एकजण म्हणाले, शवपेटी मागवू, सकाळपर्यंत ठेवू. दुसरे म्हणाले, जिवंतपणी तिला कधी गार चाललं नाही, आता पेटीत कशाला. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा रडली. मग कुणीतरी म्हणालं, दिवस मावळायच्या आत करावं.

सहा वाजता अग्नी दिला. तेव्हा मामाचं विमान कोलकात्याहून उडून पंधरा मिनिटं झाली होती. फोन बंद.

ते पुण्याला उतरलं आठ चाळीसला. विट्याला तो पोचला पावणेदोनला, मध्यरात्री. पहाटे पाच-दहापासून मोजलं तर वीस तास पस्तीस मिनिटं. त्यात तो प्रत्यक्ष हवेत होता साडेचार तास.

तो आठवडाभर मी त्या घरात होते आणि खरं सांगायचं तर मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी हिशोब करत बसले. कागदावर. दिब्रुगड-कोलकाता ८५० किलोमीटर, कोलकाता-पुणे १,५८०, पुणे-विटा रस्त्याने दोनशेच्या थोडं वर. बेरीज साधारण २,६३५. आणि ती काल्पनिक सरळ रेघ, अधिक कोल्हापूर-विटा रस्ता? साधारण २,५४०. फरक जेमतेम शंभर किलोमीटरचा! मला वाटलं होतं मामाला केवढा वळसा पडला असेल. वळसा पडलाच नव्हता. अंतर जवळपास तेवढंच राहिलं, वेळ मात्र सहापट झाला. लांब असल्यामुळे उशीर होतो, असं आपण धरून चालतो. मामाला उशीर झाला तो खुर्च्यांवर बसून.

मग थेट विमान का नाही? हा प्रश्न मी माझ्या परीने सोडवून बघितला, आणि उत्तरात खलनायक कुणी सापडला नाही. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

कोल्हापूरची धावपट्टी लहान. तिथे नेहमी दिसतं ते पंख्याचं, सत्तरेक माणसांचं एटीआर विमान. गुणी विमान आहे, आखूड धावपट्टीवर उतरतं, कमी इंधन खातं. पण वेग ताशी पाचशेच्या आसपास, आणि भरलेलं असताना एका दमात जातं ते दीड हजार किलोमीटरपर्यंत. म्हणजे उद्या कुणी हौसेने दिब्रुगडला सोडलंच तर मध्ये कुठेतरी इंधन भरायला उतरावं लागणार, आणि नुसतं हवेतच पाच तास. सरकारच्या ‘उडान’ योजनेचंही मोजमाप याच वेगावर बेतलेलं आहे. सुमारे पाचशे किलोमीटर म्हणजे एक तास, आणि तेवढ्या प्रवासाला निम्म्या सीटांवर अडीच हजारांची कमाल मर्यादा, अशी ती सुरू झाली. २७ एप्रिल २०१७ ला पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला गेलं. २०१८ मध्ये ‘उडान’मधली विमानं कोल्हापूरलाही आली, आणि मार्च २०२४ मध्ये तिथे नवी देखणी टर्मिनल इमारत झाली. मी बघितली, छान आहे. तिथून तुम्ही मुंबई, हैदराबाद, बंगळुरूसारख्या मोठ्या गावी जाऊ शकता. लहान गावातून मोठ्या गावी जाण्याची सोय होत गेली आहे. एका लहान गावातून दुसऱ्या लहान गावी जायचं असेल, तर मोठ्या गावात जाऊन बसावं लागतं. कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, विट्याहून दोन्ही कोल्हापूरपेक्षा जवळ. दर निवडणुकीला तिथून विमान उडतं. भाषणात.

आणि समजा धावपट्टी लांब केली, मोठं जेट आणलं. बसणार कोण? इथे खरी मेख आहे. दुबईला केरळची माणसं गेली, ती एकगठ्ठा गेली, म्हणून कोझिकोडहून विमानं भरून जातात. गलाईवाल्यांचा धंदाच एकगठ्ठा जाण्याचा नाही. एका सराफ बाजाराला मोजकीच गलाईची दुकानं पुरतात. चुलतभावाने दिब्रुगडात टाकलं की आपण दुसरं गाव शोधायचं. असं करत करत सगळ्या देशात पसरले. बाहेर गेलेली सगळी माणसं एकत्र केली तर विमानांचा ताफा भरेल. पण एका दिवशी एका गावाहून विट्याला यायला निघालेली किती? दोन. फार तर तीन. त्यातला एक मयतीला निघालेला.

मामाला मी हे सगळं सांगितलं. सावडण्याच्या दिवशी सकाळी, ओढ्याकडून परत येताना. माफी कशी मागायची ते कळत नव्हतं, म्हणून बहुधा मी त्याला एटीआरचा वेग सांगत होते. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘रेघ बरोबरच हाय की तुझी. रेघंवरनं गाडी न्हाय, त्याला तू काय करणार?’

थोडं पुढे गेल्यावर त्याने दुसरी गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. आजोबा गेले तेव्हा मी जन्मलेलीसुद्धा नव्हते. तेव्हा त्याला तार गेली होती. तार मिळाली दुसऱ्या दिवशी, गाडी मिळाली तिसऱ्या दिवशी, तो विट्यात पोचला दहाव्याला. ‘तवा कुणी थांबलं न्हाई. थांबतील असं मलाबी वाटलं न्हवतं. रडत आलो, पण घाई न्हवती जिवाला. ह्या बारीला...’ आणि तो बोलायचा थांबला. मग म्हणाला, ‘कलकत्त्यात तीन तास घड्याळ बघत बसलो बघ.’

मी गप्प. कारण ते घड्याळ त्याच्या हातात मी दिलं होतं. त्या पहाटे मी ‘माहीत नाही, बघून सांगते’ म्हणाले असते, तर सकाळीच माती झाली असती, कुणी थांबलं नसतं, आणि मामा सावकाश आला असता. त्याने आईचं तोंड दोन्ही हिशोबांत बघितलं नसतंच. पण ते तीन तास वाचले असते. थोरल्या मामांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, थांबलो ते बरं केलं, निदान लेकासाठी थांबलो असं तरी झालं. दोघांचं अजून जमलेलं नाही या बाबतीत. माझंही माझ्याशी जमलेलं नाही.

असो. तुमच्यापैकी कितीजणांचं घर एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला आहे, मला माहीत आहे. तुमचे मेल येतात. नांदेड-बंगळुरू, रत्नागिरी-गुरगाव, जळगाव-चेन्नई. तुमच्याकडेही असा एखादा आकडा पाठ असेल, आईला सांगितलेला. ‘अगं, दोन तासांत येते.’ एकदा एखाद्या निवांत रविवारी, काही घडलेलं नसताना, तो प्रवास कागदावर मांडून बघा. घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत. पहाटे पाचला फोन आला असं धरून. दिवसातलं पहिलं विमान किती वाजता, शेवटचं किती वाजता, ते चुकलं तर काय, धुक्याचा महिना कुठला, रात्री विमानतळावरून पुढे गाडी कोण देणार. मी आता केलंय. मामाचा, त्याच्या पोराचा, आणि कोईमतूरला असणाऱ्या मावसभावाचाही. विटा-दिब्रुगड उन्हाळ्यात पंधरा तास, जानेवारीत वीस धरायचे. हा कागद थोरल्या मामांच्या कपाटात आहे. आपल्या घरी असं काही लिहून ठेवायला अवघड वाटतं, अपशकुन वाटतो. त्यांना नाही वाटला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘कोईमतूरचं मग जवळच पडतंय की?’

एक राहिलं. वाऱ्याचं. थंडीत आपल्या देशावर, खूप उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. विमानं त्याच्याबरोबर असली तर लवकर पोचतात, विरुद्ध असली तर वेळ लागतो. म्हणून मुंबई-कोलकाता एका बाजूने कमी वेळ, दुसऱ्या बाजूने जास्त. तिकिटावरच्या वेळा बघा, दिसेल. मामा गावाकडे येतो तो कायम वाऱ्याच्या तोंडावर. दुकानाकडे जातो तेव्हा वारा पाठीशी.

तेराव्यानंतर तो परत गेला. पुण्यापर्यंत मीच गाडीने सोडलं. विमानतळाच्या दारात त्याने खिशातून एक छोटी पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आजीच्या नथीचं सोनं, मोडून, त्यानेच विट्यातल्या एका ओळखीच्या भट्टीवर बसून वितळवलेलं, तिन्ही नातींना सारखं वाटलेलं. ‘शुद्ध हाय,’ म्हणाला, ‘बघून घे.’ मी काय बघणार.

संध्याकाळी कोलकात्याहून त्याचा फोन आला. विमान वेळेच्या वीस मिनिटं आधीच उतरलं होतं.